वादळाचा बावटा

पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा दिवाळीच्या आसपास वर्तमानपत्रांत एक ओळ येते : बंदरावर तीन नंबरचा बावटा लावण्यात आला आहे. शहरातला वाचक ती ओळ वाचून पान उलटतो. आमच्या घरी ती मोठ्याने वाचली जाई, कारण वडील कोकणच्या बोटीवर खलाशी होते, आणि नंबर किती आहे यावर आईचा त्या दिवसाचा चेहरा ठरत असे. मी सातवीनंतर शाळा सोडली, धक्क्यावर कामाला लागलो आणि पुढे युनियनचे काम अंगावर आले. बावट्याच्या नंबरांचे अर्थ मला कोणा मास्तरांनी शिकवले नाहीत. ते धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या सारंगाने शिकवले. बाकीचे जे थोडेफार कळते ते सार्वजनिक वाचनालयाच्या कृपेने. तेव्हा मी आज बोलणार आहे ते शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, हे श्रोत्यांनी आधीच ध्यानात घ्यावे.

बावटा म्हणतात खरा, पण ते कापड नव्हे. बंदराच्या उंच खांबावर दिवसा काळे शंकू आणि नळकांडी टांगतात व रात्री तांबडे-पांढरे दिवे लावतात. अशा खुणा एकंदर अकरा आहेत. पहिल्या दोन दूरच्या समुद्रासाठी आहेत. एक नंबर म्हणजे खोल दर्यावर हवेचा दाब कमी होऊ लागला आहे, दोन नंबर म्हणजे तेथे वादळ उठले आहे आणि बंदर सोडणाऱ्या जहाजाला धोका आहे. तीन व चार हे बंदरापुरते सावधगिरीचे. पाचपासून दहापर्यंत धोका आणि महाधोका. वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार तेही त्यांत सांगितलेले असते. या सर्वांत मला विचार करावयाला लावतो तो अकरावा. त्याचा अर्थ असा की, हवामान खात्याशी आमचा संबंध तुटला आहे, आणि येथल्या अधिकाऱ्याला स्वतःच्या अंदाजाने धोका दिसतो आहे. वरून हुकूम येण्याची वाट न पाहता जागेवरच्या माणसाने डोके चालवावे, अशी सरकारी पुस्तकात केलेली ही एक दुर्मिळ सोय आहे.

वादळाचा अंदाज घेण्याची विद्या आपल्या उष्ण समुद्रांवर कशी वाढली, हा आजचा विषय. पण अंदाज कोणासाठी केला गेला, तो कोणाला पोचला आणि तो ऐकण्याची मोकळीक कोणाला होती, हे विचारल्यावाचून तो इतिहास अर्धाच राहतो.

प्रथम समुद्राचा स्वभाव पाहू. युरोपच्या समुद्रावर वायुभारमापकाचा पारा रोज वाटेल तसा वरखाली होतो. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांच्या उष्ण पट्ट्यात मात्र त्याला घड्याळासारखा नेम असतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. हा फरक सुमारे तीन मिलिबारांचा, आणि तो दिवसेंदिवस तसाच चालतो. म्हणून हा नेम मोडला की जुना दर्यावर्दी सावध होई. नेहमीची चढउतार वजा करून पारा तीन मिलिबार खाली दिसला तर संशय धरावा, आणि पाच खाली दिसला तर जवळपास वादळ आहेच असे समजावे, असे नाविकांची पुस्तके सांगतात. वाऱ्याचीही एक खूण आहे. डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट याच्या नावाने ती ओळखली जाते. आपल्या उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे वादळाचे पोट तुमच्या डाव्या हाताला असते. वादळ पुढे सरकते त्याच्या उजव्या अंगाला वारा आणि वादळाची चाल यांची बेरीज होते, शिवाय तेथला वारा जहाजाला ढकलत ढकलत वादळाच्या वाटेवरच नेऊन घालतो. डाव्या अंगाला निभाव लागण्याचा संभव जास्त. पारा आणि पाठीवरचा वारा, एवढ्या दोन गोष्टींवर कित्येक कप्तानांनी आपली माणसे वाचवली आहेत.

हे ज्ञान नाविकांच्या हाती देणाऱ्यांत एक नाव कलकत्त्याचे आहे : हेन्री पिडिंग्टन. हा गृहस्थ व्यापारी जहाजांवर वाढलेला. पुढे तो कलकत्त्यास स्थायिक झाला आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायसभेचा अध्यक्ष झाला. १८३८ साली विल्यम रीड याचा वादळांच्या नियमांवरचा ग्रंथ निघाला. तो पाहून याने बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा नाद घेतला. त्याची पद्धत साधी होती. एखादे वादळ होऊन गेले की त्या टापूत असलेल्या जहाजांच्या रोजनिशा मिळवायच्या, कोणत्या वेळी कोठे कोणता वारा होता आणि पारा किती होता ते नकाशावर मांडायचे, आणि त्यावरून वादळाचा मार्ग काढायचा. अशी एकामागून एक टिपणे त्याने एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली. १८४८ साली त्याने खलाशांसाठी पुस्तक काढले. त्यात वादळाच्या चक्राच्या पारदर्शक चकत्या होत्या. नकाशावर चकती ठेवायची आणि आपण वादळाच्या कोणत्या अंगाला आहोत ते पाहायचे. ‘सायक्लोन’ हा शब्दही याचाच, सापाच्या वेटोळ्याची कल्पना असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने घडवलेला. विद्यापीठाची पदवी नसलेल्या माणसाने दिलेला शब्द आज जगातल्या सगळ्या वेधशाळा वापरतात. माझ्यासारख्याला याचे जरा जास्त कौतुक वाटते, त्याला आपण क्षमा कराल.

पण ज्या रोजनिशांवर हे सारे उभे राहिले त्या भर वादळात लिहिलेल्या होत्या. शिडे फाटत असताना दर तासाला पारा पाहून आकडा मांडणारी माणसे होती म्हणून कलकत्त्यात टेबलावर नकाशा काढता आला. १८५३ साली ब्रसेल्सला दहा राष्ट्रांची परिषद भरली आणि जहाजांवरील नोंदी एकाच नमुन्यात ठेवण्याचे ठरले. ती परंपरा आजही चालू आहे. व्यापारी जहाजे ठरलेल्या वेळी वारा, लाटा, दाब, समुद्राच्या पाण्याची उष्णता यांची नोंद पाठवतात, आणि या योजनेचे नावच मुळी स्वेच्छेने निरीक्षण करणारी जहाजे असे आहे. मोबदला काही नाही. यातून एक गंमतही झाली आहे. इशारे जसजसे चांगले होत गेले तसतशी जहाजे वादळाला वळसा घालू लागली, आणि वादळाच्या पोटातल्या नोंदी दुर्मिळ झाल्या.

पिडिंग्टनच्या आयुष्यातली आणखी एक हकीकत सांगितली पाहिजे. हुगळीत गाळ भरतो म्हणून मातला नदीवर, सुंदरबनाच्या तोंडाशी, नवे बंदर वसवण्याचा सरकारचा बेत होता. १८५३ साली याने गव्हर्नर-जनरल डलहौसी यांना जाहीर पत्र लिहून बजावले की, ही जागा वादळाच्या लाटेच्या तोंडात आहे, एक दिवस समुद्र आत येईल आणि वसाहत बुडवील. पत्र छापले गेले, वाचलेही गेले असेल. १८५८ साली पिडिंग्टन वारला. बंदर बांधले गेले, त्याला कॅनिंग यांचे नाव मिळाले, कलकत्त्याहून रेल्वे तेथवर गेली. १ नोव्हेंबर १८६७ रोजी वादळ आले आणि पाणी बंदरात शिरले. पुढे काही वर्षांत ते बंदर म्हणून उरलेच नाही. शास्त्र चुकले नव्हते. जमिनीत पैसा गुंतला होता.

दरम्यान कलकत्त्यावरच घाला पडला होता. ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळात हुगळीच्या मुखातून पाण्याची भिंत आत शिरली आणि सुमारे पन्नास हजार माणसे बुडाली. बंदरातल्या दोनशेच्या आसपास जहाजांपैकी धड राहिलेली थोडीच. त्याच सालच्या नोव्हेंबरात मच्छलीपट्टणलाही तसाच प्रलय झाला. यानंतर, १८६५ साली, कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली. हिंदुस्थानातली ही पहिली. तारायंत्राने किनाऱ्यावरच्या ठाण्यांहून बातमी यायची आणि खांबावर खूण चढायची. आता पाहा, बुडालेल्या पन्नास हजारांत फार मोठा भाग नदीकाठच्या शेतकऱ्यांचा आणि कोळ्यांचा. इशारा मात्र बंदरासाठी निघाला, म्हणजे जहाजांसाठी आणि त्यांतल्या मालासाठी. नदीमुखावरच्या खेड्यांत कोणी खूण चढवणार नव्हते, आणि चढवली असती तरी ती माणसे जाणार कोठे होती?

१८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला, आणि १८७५ साली सबंध देशाचे हवामान खाते स्थापन झाले. त्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. त्याच साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली हा निव्वळ योगायोग, पण अशा व्यासपीठावरून तो सांगण्याचा मोह आवरत नाही. १८८० नंतर दोन-तीन वर्षांत आपल्या किनाऱ्यालाही इशारे मिळू लागले : मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार. १८८६ पर्यंत ही व्यवस्था देशातल्या सर्व बंदरांना लागू झाली, आणि १ एप्रिल १८९८ पासून सगळीकडे एकाच प्रकारच्या खुणा आल्या. तोपर्यंत दर बंदराची खूण निराळी असणे शक्य होते. एका बंदराहून दुसऱ्या बंदराला जाणाऱ्या खलाशाने काय समजायचे, हा प्रश्न सुटायला तेहतीस वर्षे लागली.

अरबी समुद्रावरची ‘विजळी’ची गोष्ट याच काळातली. बोटीचे खरे नाव ‘वैतरणा’. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून काठेवाडच्या लोकांनी तिला विजळी म्हटले. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती कच्छ-मांडवीहून मुंबईकडे निघाली, द्वारकेला उतारू घेतले, हवा बिघडल्यामुळे पोरबंदरला लागली नाही, आणि पुढे सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. त्यांत मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईस निघालेली मुले होती, लग्नाची वऱ्हाडे होती. इशाऱ्यांची व्यवस्था सर्व बंदरांना लागू होऊन दोन वर्षे झाली होती. पण बोट एकदा बंदराबाहेर पडली की खांबावरची खूण तिला दिसणार कशी? बिनतारी यंत्र अजून जगात यायचे होते. चौकशीत असे निघाले की बोटीवर जीव वाचवण्याची साधने पुरेशी नव्हती. लोकांच्या तोंडी मात्र निराळी हकीकत राहिली : पोरबंदरच्या गोऱ्या अधिकाऱ्याने पुढे जाऊ नको म्हणून सांगितले आणि कप्तानाने ते मानले नाही. बोट त्या बंदराला लागलीच नव्हती, मग सांगितले कोणी आणि ऐकले कोणी? कप्तान बुडाला की सगळा दोष त्याच्या अंगावर घालणे सोयीचे पडते. हे पुढेही आपल्याला दिसणार आहे.

आपल्या कोकणच्या बोटींची कथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच वादळाने ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी घेतल्या. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि तासाभराच्या आत काशाच्या खडकाजवळ उलटली. ते चक्रीवादळ नव्हते, ऐन पावसाळ्यातला खवळलेला दर्या होता. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नसल्यामुळे मुंबईच्या दारात घडलेली ही गोष्ट मुंबईला कळायला दुपार उलटली. त्याआधीच रेवसकडून पापलेट घेऊन बाजाराला निघालेल्या कोळ्यांनी टोपल्यांतली मासळी समुद्रात फेकली आणि मचव्यात माणसे भरली. त्या दिवसाची त्यांची मजुरी समुद्रात गेली, एवढे आपण लक्षात ठेवू. मला त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

बिनतारीमुळे जहाज आणि किनारा यांचे बोलणे सुरू झाले. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. पुणेकर अजून त्या घड्याळाच्या इमारतीला ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. पुढे मुख्य कचेरी दिल्लीला गेली. १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने पहिला यशस्वी हवामान-उपग्रह सोडला, आणि ज्या समुद्रावर शेकडो मैल एकही जहाज नसते तेथले ढगांचे वेटोळे वरून दिसू लागले. १९८३ पासून आपला इन्सॅट-१बी काम करू लागला. गेल्या शतकाच्या अखेरीस खोल समुद्रात नांगरलेले तरंगते बोये आले. त्यांच्याविषयी एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. बोयाखाली मासळी जमते, म्हणून मच्छीमार त्याला बोट बांधतात, जाळी टाकतात आणि बोया निकामी होतो. जो आपल्याला वादळ सांगणार त्यालाच आपण मोडतो. युनियनच्या सभेत मी हे बोललो तेव्हा काही जण रागावले होते.

अंदाज आज किती चांगला झाला आहे? चोवीस तास आधी सांगितलेल्या मार्गात सरासरी चूक शंभर किलोमीटरांच्या आत आली आहे. १९९९ च्या ओरिसातील महावादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आले, तेव्हा लाखो लोक आधीच हलवले गेले आणि मृत्यू काही दहांतच राहिले. जमिनीवरच्या माणसाला इशारा पोचू लागला, ही केवढी तरी मोठी गोष्ट आहे, आणि ती सरकारी खात्यांनी करून दाखवली हे मी कामगार-चळवळीतला माणूस असूनही मोकळेपणाने म्हणतो.

समुद्रावरच्या माणसाचे काय? २०१७ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस कन्याकुमारीजवळ ‘ओखी’ फार झपाट्याने वाढले. केरळ व तमिळनाडूचे मच्छीमार कित्येक दिवस आधीच खोल दर्यावर गेलेले. किनाऱ्यावरचा निरोप त्यांच्या बिनतारीच्या टप्प्यात नव्हता. तीनशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. वारा ज्यांना उत्तरेकडे लोटत घेऊन आला अशा ६८ बोटी आणि ९५२ माणसे आपल्या देवगडला लागली. देवगडकरांनी त्यांना जेवू घातले, आणि भाषा येत नसतानाही निभावले. यानंतर उपग्रहाकरवी निरोप घेणारी यंत्रे आली. पहिली यंत्रे एकतर्फी होती. किनारा बोलणार, मच्छीमार ऐकणार, उलट बोलण्याची सोय नाही. दोन्ही बाजूंनी निरोप जाईल अशी यंत्रे २०२४ पासून बोटींवर बसवली जाऊ लागली.

त्याआधीची, २००९ सालच्या नोव्हेंबरातल्या ‘फयान’ची आठवण माझी स्वतःची आहे. कोकणातल्या एका बंदरातली एक बोट परत आली नाही. तिच्यावरच्या एका खलाशाची बायको माझ्याकडे आली. मालकाकडे गेलो तर हजेरीवही नव्हती. तिचा नवरा त्या बोटीवर होता, याला कागदाचा पुरावा नाही. प्रेत मिळाले नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही. कायद्याप्रमाणे बेपत्ता माणूस मेला असे धरायला सात वर्षे जावी लागतात. सात वर्षे ती बाई विधवाही नव्हती आणि सधवाही नव्हती. त्या बोटीला इशारा मिळाला होता का, हे मी पुष्कळांना विचारले. एका तांडेलाने सांगितले, “मिळाला असंल हो. पण दोन दिवसांचं डिझेल जाळून रिकाम्या हातानं परत यायचं म्हणजे मालक दुसरा तांडेल बघतो.”

या वाक्याचा अर्थ मला २०२१ च्या मे महिन्यात पुरता उलगडला. ‘तौक्ते’ वादळाचा इशारा काही दिवस आधीपासून दिला जात होता. मच्छीमारांना परत बोलावले होते. मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ नावाच्या बार्जवर २६१ माणसे होती. असे बार्ज म्हणजे तेलाच्या फलाटांवर काम करणाऱ्या मजुरांची तरंगती चाळ. तो बार्ज बंदरात आला नाही. १७ मेच्या वादळात त्याचे नांगर तुटले आणि तो बुडाला. नौदलाने शेकडा सत्तरच्या वर माणसे वाचवली हा पराक्रमच, तरी बार्ज आणि ‘वरप्रदा’ हा टग मिळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. मग निर्णय कोणाचा, यावर वाद सुरू झाला. पोलिसांत फिर्याद नोंदली गेली ती कप्तानावर. कप्तान तेव्हा बेपत्ता होता. १८८८ साल मला आठवले.

समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारात असे कलम आहे की, माणसांच्या जिवासाठी कप्तान जो निर्णय घेईल त्याला मालकाने, भाड्याने घेणाऱ्याने किंवा कोणत्याही कंपनीने आडकाठी करू नये. कलम चांगले आहे. पण आडकाठी तोंडाने करावी लागतेच असे नाही. पुढचे कंत्राट कोणाला द्यायचे हे ज्याच्या हातात, त्याने गप्प बसले तरी पुरते.

पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधक सांगतात की अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यावरची चक्रीवादळे गेल्या काही दशकांत वाढली आहेत. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या नंबरचे बावटे अधिक वेळा चढणार आणि बोटी अधिक वेळा परत फिरवाव्या लागणार. आमच्याकडे खलाशी वाट्यावर काम करतो. मासळी नाही तर वाटा नाही. परत फिरलेल्या दिवसाचे त्याला काही मिळत नाही, उलट डिझेलचा खर्च पुढच्या वाट्यातून कापला जातो. म्हणून गेली दोन वर्षे आम्ही एकच मागणी धरून आहोत. इशाऱ्यामुळे परत फिरलेल्या बोटीवरच्या प्रत्येक माणसाला त्या फेरीचा ठरलेला भत्ता मिळावा, डिझेल त्याच्या वाट्यातून कापू नये, आणि निघण्यापूर्वी बोटीवरच्या सर्वांची नावे धक्क्यावर लिहून ठेवावीत. नावे लिहिण्याला बहुतेक मालक कबूल झाले आहेत. डिझेलवर बोलणे चालू आहे. भत्त्याला आतापर्यंत दोघांनी सही केली; त्यांतला एक स्वतः ओखीत सापडलेला होता. पुढची बैठक ३१ जुलैच्या आत घ्यायची आहे, कारण १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते आणि बोटी निघतात.